टंचाईचे भय आणि विश्वासाचा साठा

दिनांक २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी त्याच मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली. घोषणा संपते न संपते तोच शहरोशहरी किराणा दुकानांपुढे गर्दी उसळली. ज्या संसर्गापासून दूर राहण्यासाठी घरात थांबावयाचे होते, त्याच संसर्गाला निमंत्रण देणारी दाटी दुकानांच्या दारात झाली. ज्यांच्या घरी पंधरा दिवसांचा शिधा होता तेही रांगेत होते आणि ज्यांच्या घरी दुसऱ्या दिवसाचे पीठ नव्हते तेही.

त्या रात्री देशात धान्य कमी होते काय? तसे मुळीच नव्हते. दरवर्षी १ एप्रिल रोजी मध्यवर्ती साठ्यात किमान सुमारे २१० लाख टन गहू व तांदूळ असावा, असा निकष आहे. त्या वर्षी प्रत्यक्ष साठा या निकषाच्या दुपटीहून अधिक होता. रब्बीचा गहू काढणीला आला होता. तरीही लोक घाबरले. यात लोकांना दोष देऊन भागणार नाही. गोदाम भरलेले असताना माणसाच्या मनात टंचाई का निर्माण होते, आणि मनातील टंचाई पुढे दुकानात कशी उतरते, हे समजून घेणे प्रशासनात, शाळेत व पंचायतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला आवश्यक आहे. संकट येते तेव्हा लोक पहिला प्रश्न विचारतात तो याच मंडळींना.

टंचाईचे अंकगणित

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका गावात ५०० कुटुंबे आहेत. प्रत्येक कुटुंब दर आठवड्याला एक किलो साखर नेते आणि दुकानदार दर आठवड्याला ५०० किलो साखर आणतो. वर्षानुवर्षे हा व्यवहार सुरळीत चालला आहे. एके दिवशी ‘यापुढे साखर मिळणार नाही’ अशी वार्ता येते. प्रत्येक कुटुंब ‘महिन्याची तेवढी घेऊन ठेवू’ असे म्हणते व चार किलो साखर मागते. पहिल्या १२५ कुटुंबांतच दुकान रिकामे होते. उरलेली ३७५ कुटुंबे हात हलवीत परततात आणि वार्ता खरी होती, अशी त्यांची खात्री पटते. पुढच्या आठवड्यात ती अधिक लवकर येतात व अधिक मागतात.

या उदाहरणात कोणी नफेखोर नाही, कोणी समाजकंटक नाही. साखरेच्या उत्पादनात एका दाण्याचीही घट झालेली नाही. चार किलो साखर नेणारा गृहस्थ आपल्या मुलाबाळांची काळजी घेत आहे, एवढेच. परंतु पाचशे घरांचा हा शहाणपणा एकत्र आला की त्यातून गावाचे अहित घडते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये या प्रकाराचे विवेचन केले. सुस्थितीतील बँक बुडणार, अशी अफवा उठते. ठेवीदार एकाच वेळी पैसे काढावयास धावतात. आणि त्या धावण्यामुळेच बँक बुडते. हे भाकीत खोटे असते, परंतु लोक त्यावर विश्वास ठेवून वागू लागल्यामुळे ते स्वतःला खरे करून घेते.

यात सर्वांत मोठी हानी होते ती हातावर पोट असणाऱ्याची. महिन्याचा माल एकदम घेण्याइतका पैसा त्याच्या गाठीला नसतो. रोजची मजुरी हाती आल्यावर तो दुकानात येतो, तेव्हा फळी रिकामी असते अथवा भाव दुप्पट झालेला असतो. भीतीने केलेली खरेदी ही अशा रीतीने सधनांकडून निर्धनांवर, नकळत का होईना, बसविलेला कर ठरते.

बंगाल आणि मुंबई : १९४३

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या देशाने या सत्याची भयानक किंमत मोजली. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून बंगालच्या किनारी भागातील नावा सरकारने ताब्यात घेतल्या अथवा नष्ट केल्या; त्यामुळे नद्यांवर चालणारी वाहतूक खुंटली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूर भागात चक्रीवादळ झाले. प्रांताप्रांतांनी आपले धान्य बाहेर जाऊ देण्यावर बंधने घातली. या सर्वांमुळे भाव आणखी चढणार, अशी समजूत पसरली. ज्याच्याजवळ तांदूळ होता त्याने तो रोखून धरला आणि ज्याच्याजवळ पैसा होता त्याने तो विकत घेऊन ठेवला. मार्च १९४३ मध्ये प्रांतिक सरकारने भावनियंत्रण उठविले व भाव आकाशाला भिडले.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, १९४३ मधील बंगालचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होता. १९४१ च्या तुलनेत तर तो अधिकच होता. या आकड्यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु भाववाढ, भीती व साठेबाजी यांमुळे शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या आवाक्यातून अन्न निसटले, ही गोष्ट निर्विवाद आहे. चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

त्या काळातील सरकारी वर्तन आजही अभ्यासण्याजोगे आहे. धान्याची टंचाई नाही, असे सरकार सांगत राहिले. लोक मात्र रोज चढता भाव डोळ्यांनी पाहत होते. त्यामुळे सरकारच्या शब्दाला किंमत उरली नाही. जून १९४३ मध्ये लपविलेले साठे शोधण्याची मोहीम निघाली, पण तिच्याने भाव उतरले नाहीत. दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर करण्याचे पाऊल तर अखेरपर्यंत उचलले गेले नाही.

याच सुमारास मुंबई इलाख्यात वेगळे चित्र होते. हा इलाखाही धान्याच्या बाबतीत तुटीचा होता. मुंबई शहराची भिस्तही ब्रह्मदेशच्या तांदळावर होती. परंतु येथे मे १९४३ मध्येच शहरात शिधावाटप सुरू झाले. प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रिका, ठरलेले दुकान, ठरलेले माप आणि ठरलेला भाव मिळाला. माप तोकडे होते, धान्याच्या प्रतीविषयी तक्रारी होत्या, रांगाही होत्या. पण ‘माझा वाटा मला मिळेल’ ही खात्री होती. खात्री असल्यावर जादा साठा करण्याचे कारणच उरत नाही. कलकत्त्यात असे शिधावाटप सुरू होण्यास जानेवारी १९४४ ची अखेर उजाडावी लागली. तोवर खेड्यापाड्यांतून आलेली हजारो माणसे त्या शहराच्या रस्त्यांवर मरण पावली होती.

महाराष्ट्राचा १९७२ चा अनुभव

महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या मंडळींना १९७२ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. सलग अपुऱ्या पावसाने राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले होते. येथील तूट खरीखुरी होती. ती केवळ मनातील नव्हती. तरीही १९४३ च्या बंगालची पुनरावृत्ती येथे झाली नाही. याचे मुख्य कारण म्हणजे गावोगाव निघालेली दुष्काळी कामे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशा कामांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे राबत होती. हाती मजुरी पडत होती, म्हणून बाजारातील धान्य विकत घेण्याची ताकद टिकून राहिली. कामांवर सुकडी वाटली जात होती आणि रेशनच्या दुकानात परदेशी मिलो मिळत होता. त्या मिलोच्या भाकरीची चव कोणालाही रुचली नाही, पण चूल पेटती राहिली.

सर्व काही आलबेल होते, असे मात्र नाही. मजुरीस विलंब होई, कामे दूर पडत, पिण्याच्या पाण्याचे हाल होत. लोक त्याविरुद्ध मोर्चे काढीत. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. अशा मोर्चांना कोणी ‘बेबंदशाही’ म्हणेल, तर ते चुकीचे होईल. गाऱ्हाणे उघडपणे मांडता येते तेथे अफवेला कमी वाव मिळतो, आणि अधिकाऱ्याला कोठे उणे आहे हे वेळीच कळते. या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला राज्यव्यापी रूप आले व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेच्या नावातील ‘हमी’ हा शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे.

मिठाची एक रात्र

याच्या अगदी उलट उदाहरण २०१६ मधील आहे. त्या वर्षी ८ नोव्हेंबर रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्या. लोक आधीच चिंतेत होते. तीनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरच्या रात्री, ‘मीठ संपले, किलोला दोनशे-चारशे रुपये पडतील’ अशी अफवा उत्तर प्रदेश, दिल्लीपासून हैदराबाद, मुंबईपर्यंत पसरली. दुकानांवर झुंबड उडाली. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटी टनांहून अधिक मीठ पिकते; खाण्यासाठी त्याचा एक लहान भागच लागतो आणि पुष्कळ मीठ निर्यात होते. मिठागरांच्या या देशात मिठाची टंचाई, ही वार्ता ऐकून एरवी लोक हसले असते.

त्या रात्री ते हसले नाहीत, याचे कारण मिठात नव्हते. ज्या वस्तूविषयी कालपर्यंत शंका नव्हती, त्या नोटेचे मोल एका रात्रीत गेल्याचे त्यांनी पाहिले होते. मग मिठाचे काय सांगावे, असे त्यांना वाटले. एका ठिकाणचा विश्वास ढळला की त्याचा हादरा भलत्याच ठिकाणी जाणवतो. केंद्र व राज्य सरकारांनी त्वरित खुलासे केले, दुकानांत मीठ दिसत राहिले आणि एक-दोन दिवसांत अफवा विरली. माल डोळ्यांना दिसणे हाच अफवेवरील खरा उतारा ठरला.

भयाला कारण हवे असते

भीती केवळ वस्तूंच्या टंचाईपुरती थांबत नाही. ‘आता लूटमार होईल’, ‘चोर फिरत आहेत’, ‘परके लोक गावात शिरले आहेत’ अशी बेबंदशाहीची भीती तिच्या पाठोपाठ येते. या भीतीचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी गोळा करून १९३५ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. जेथे धक्का जाणवला पण घरे पडली नाहीत, तेथेही याहून मोठे अरिष्ट येणार अशा अफवा जोरात होत्या. पुढे लिओन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याचा उलगडा असा केला की, मनात भीती आहे पण डोळ्यांपुढे कारण नाही, ही अवस्था माणसाला सहन होत नाही. अफवा ते कारण पुरविते. म्हणूनच ‘घाबरू नका’ एवढे म्हटल्याने भीती जात नाही. काय घडले आहे, काय घडलेले नाही आणि आता काय करावयाचे, हे सांगितले तरच मनाला आधार मिळतो.

हा आधार न मिळाल्यास काय घडते, हे महाराष्ट्राने दोन वेळा पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या खोलीत. पुढे टाळेबंदीच्या काळात, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली. तेथील गावकरी अशाच वार्तांमुळे रात्री पहारा देत होते. सुव्यवस्था ढासळेल या भीतीनेच माणसे शस्त्र घेऊन उभी राहिली आणि सुव्यवस्था त्यांच्याच हातून ढासळली. रिकाम्या फळीचे जे गणित आपण वर पाहिले, तेच येथे माणसांच्या जिवावर बेतले.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. संकटात माणसे पशूसारखी वागू लागतात, ही समजूत आपत्तींच्या अभ्यासांनी बहुतांशी चुकीची ठरविली आहे. बहुसंख्य लोक अशा वेळी शेजाऱ्याच्या मदतीला धावतात. २०२० मध्ये गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे चालली, गुरुद्वारांचे लंगर अखंड सुरू राहिले, शिक्षक व अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या. राज्य शासनाने शिवभोजन थाळीचा दर दहा रुपयांवरून पाच रुपये केला. समाज मोडून पडला नाही, तो लोकांनीच उभा धरला.

धान्य होते, पण हमी?

तथापि २०२० मधील एक उणीव झाकून ठेवता येणार नाही. टाळेबंदी सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च रोजी, केंद्र शासनाने सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो जादा धान्य मोफत देण्याची योजना जाहीर केली. ज्यांच्याजवळ शिधापत्रिका होती व दुकान जवळ होते, त्यांना तिचा मोठा आधार झाला. परंतु मुंबई, पुणे, भिवंडी येथे काम करणाऱ्या लाखो मजुरांची शिधापत्रिका दूर गावी होती. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत महाराष्ट्र आधीच सामील झाला होता, पण अनेक राज्ये त्या वेळी त्यात यावयाची होती आणि अनेक मजुरांपर्यंत तिची माहितीही पोचलेली नव्हती. पत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी धान्याची घोषणा मे महिन्याच्या मध्यात झाली. तोवर हजारो कुटुंबे पायी निघाली होती. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपी गेलेल्या सोळा मजुरांचा मालगाडीखाली अंत झाला.

त्या मजुरांचे चालू लागणे हा अविचार नव्हता. काम गेले, भाडे थकले आणि उद्याच्या अन्नाची हमी देणारा कोणी भेटला नाही, तेव्हा गावची वाट धरणे हाच त्यांना शहाणपणा वाटला. कोठारातील धान्य आणि माणसाच्या हातातील हमी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा १९४३ चा धडा २०२० मध्ये पुन्हा समोर आला. पुढे ही योजना सर्व राज्यांत लागू झाली. आता शिधापत्रिकाधारकाला परराज्यातही आपला वाटा उचलता येतो. परंतु आपल्या गावात ऊसतोडीला, वीटभट्टीवर वा बांधकामावर आलेल्या प्रत्येक कुटुंबाला हे ठाऊक आहे काय, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

आपण काय करावे?

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने पहिली गोष्ट म्हणजे बंधनाची घोषणा व पुरवठ्याची माहिती एकाच वेळी द्यावी. ‘पुरेसा साठा आहे’ हे वाक्य अपुरे आहे. तालुक्याच्या गोदामात किती पोती आहेत, पुढचे वाहन कोणत्या दिवशी येणार, दुकान किती ते किती उघडे राहणार आणि कोणाला किती मिळणार, हे सांगावे. एखादी वस्तू खरोखरच कमी असेल तर तसेही सांगावे व ती कशी वाटली जाईल हे स्पष्ट करावे. एकदा खोटे ठरलेले आश्वासन पुढची दहा खरी आश्वासने निष्फळ करते. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली साठेबाजास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. आपत्तीविषयी खोटी भीती पसरविणे हाही आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली गुन्हा आहे. या अधिकारांचा वापर नफेखोरावर व्हावा. महिन्याचे पीठ घरी नेणाऱ्या भेदरलेल्या गृहिणीवर दंडुका उगारून काही साधत नाही.

पंचायत सदस्यांच्या हाती दोन साधने आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने प्रत्येक दुकानासाठी दक्षता समितीची तरतूद केली आहे. ही समिती संकटाच्या दिवशी प्रथम भेटत असेल, तर तिचा उपयोग नाही. ती एरवीही दरमहा भेटली पाहिजे. साठा, दर व पात्रता यांचा फलक रास्त भाव दुकानात लावलेला असतो. तो आज खरा असेल, तरच संकटात लोक त्यावर विश्वास ठेवतील. दुसरे साधन म्हणजे गावाची ओळख. फिरस्ते, भिक्षेकरी, बहुरूपी, मजूर यांची ये-जा गावाला नवी नाही. अनोळखी माणसाविषयी संशय आला, तर पोलीस पाटलाला व पोलिसांना कळवावे, त्या माणसाला सुरक्षित बसवावे आणि गर्दी जमू देऊ नये. एवढे तीन नियम ग्रामसभेत एकदा वाचून ठेवले, तरी एखादा जीव वाचेल.

शिक्षकांचे कार्य दीर्घ पल्ल्याचे आहे. साखरेचे वरील गणित सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेता येईल. आलेली वार्ता कोणी पाहिली, कधी पाहिली, कोठे पाहिली, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावता येईल. आज वार्ता भ्रमणध्वनीवरून क्षणात शेकडो घरांत पोचते. तिला अडविणारे जे एक बोट असते, ते पुष्कळदा घरातील शाळकरी मुलाचेच असते.

संकटे येणार. अवर्षण, महापूर, साथ, युद्ध यांपैकी काहीच आपल्या इच्छेवर अवलंबून नाही. धान्याची कोठारे बांधावयास आपण गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत शिकलो आणि ती भरलीही. विश्वासाचा साठा मात्र संकटाच्या रात्री खरेदी करता येत नाही. तो वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, रास्त भाव दुकानातील तराजूवर, पंचायतीच्या फलकावर आणि वेळेवर दिलेल्या मजुरीत पोत्या-पोत्याने जमवावा लागतो. ज्या गावात तो जमलेला असतो, तेथे अफवा येते, ओसरीवर क्षणभर टेकते आणि पुढच्या वाटेला लागते.